टेन्शनच्या मॅडम

लातूरच्या एका शाळेत मी समुपदेशक आहे. मुलं मला ‘टेन्शनच्या मॅडम’ म्हणतात. लोकांना वाटतं, दिवसभर रडगाणी ऐकून मी सुकून जात असेन. उलट! रोज घरी जाताना एक तरी किस्सा डब्यासोबत पिशवीत पडलेला असतोच. आणि गंमत म्हणजे त्यातले बहुतेक मुलांचे नसतात, मोठ्यांचे असतात.

*

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांना मी समजावलं, “सर, मुलं माझ्याकडे येतात हे बाकीच्यांना कळता कामा नये.”

“अगदी बरोबर!” सर म्हणाले आणि माईक हातात घेतला. “सातवी ‘ब’मधल्या वैभवनं गुप्त चर्चेसाठी ताबडतोब मॅडमकडे जावं!”

*

अहमदपूरहून एक वडील मुलाला घेऊन आले. “मॅडम, पोरगं बोलतच न्हाई बघा.”

मी मुलाला विचारलं, “काय रे, शाळेत कसं वाटतं?”

“त्याला लई बोअर हुतंय,” वडील म्हणाले.

“मित्र आहेत का तुला?”

“हायेत की, दोघं. पर कामाचे न्हाईत.”

“दादा, त्याला बोलू द्या ना.”

“मी कुठं अडवायलाव? बोल की रे! ... बघा, हे असंय!”

*

नांदेडला आमच्याच संस्थेची दुसरी शाळा आहे. तिथल्या पालकसभेत मी तासभर बोलले, मुलांची तुलना करू नका म्हणून. खाली उतरले तर एका आईनं हातच धरला. डोळ्यांत पाणी.

“लई पटलं, मॅडम. मी तर लेकराची तुलना कधीच करत न्हाई. माझी जाऊ करती. तिच्यापेक्षा मी किती बरी!”

*

परीक्षेआधी सरांनी तणावमुक्ती शिबिर ठेवलं. रविवारी. हजेरी सक्तीची. आणि शेवटी शिबिरावरच वीस मार्कांची टेस्ट!

दहावीची एक मुलगी टेस्ट देऊन रडतच माझ्याकडे आली. “मॅडम, दीर्घ श्वासाच्या पायऱ्या चुकल्या हो माझ्या!”

मी सरांकडे गेले, भांडले. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “काळजी करू नका. नापासांचं शिबिर पुन्हा घेऊ.”

*

देवणीकडचं एक कुटुंब आता लातुरात राहतं. त्यांची ईश्वरी आमच्याकडे तिसरीत. तिचे आबा उन्हाळ्यात वारले. तिचा आबांवर फार जीव, म्हणून घरच्यांनी तिला सांगितलं, “आबा हैदराबादला दवाखान्यात हायेत.” दिवाळी आली तरी आबा हैदराबादलाच! घरात फोटोला हार नाही, कुणी मोठ्यानं रडायचं नाही.

शेवटी आई, वडील, आजी, तिघंही माझ्याकडे आले. “मॅडम, तुमीच सांगा तिला.”

मी म्हटलं, “मी शेजारी बसते. पण सांगायचं तुम्ही. आणि सरळ सांगायचं.”

ईश्वरीला बोलावलं. वडिलांनी तिचा हात धरला. “माय, आपले आबा...” आजीनं पदर तोंडाला लावला. आईनं खिडकीकडे तोंड फिरवलं.

“आबा वारले, माय,” वडील हुंदका देत म्हणाले. “उन्हाळ्यातच.”

ईश्वरीनं आपल्या बाटलीचं झाकण उघडलं आणि बाटली वडिलांच्या हातात दिली. ते पाणी पिईपर्यंत ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग माझ्याकडे वळली आणि रागानं, पण अगदी हळू आवाजात म्हणाली,

“मॅडम, ह्यांना कुणी सांगितलं?”