चाकामागचा दगड

माझ्या गाडीच्या डिकीत दोन दगड असतात, आणि प्रत्येक दगडामागे चार किस्से. मुद्दाम जमवलेला एकही नाही! नवरा मुंबईला नोकरीला, म्हणून दर शनिवारी महाडहून कुडपणला सासरी मीच गाडी नेते. घरासमोर चांगलाच उतार. मागच्या सीटवर चार वर्षांची चिऊ. उभी केलेली गाडी तिला घेऊन मागे घसरेल, ही माझी कायमची धास्ती.

*

ड्रायव्हिंग क्लासच्या सरांनी सांगितलं होतं, "तोंड चढाकडे असेल तर फर्स्ट, उताराकडे असेल तर रिव्हर्स टाकून बंद करायची. हँडब्रेक ओढायचा. चाकं अशी वळवायची, की घसरलीच तर डोंगराला टेकेल."

मी सगळं वहीत लिहून घेतलं. पहिल्याच शनिवारी वही घरी!

नवऱ्याला फोन लावला. "अरे, वर चढले म्हणून फर्स्ट, की आता थांबायचंय म्हणून रिव्हर्स?"

तो म्हणाला, "तू आधी कुठे आहेस ते सांग."

*

त्याच दिवशी सासरे अंगणातून ओरडले, "चाकाला दगड लाव गो!"

चांगला जड दगड शोधला. गाडीचं तोंड चढाकडे, आणि मी दगड लावला पुढच्या चाकाच्या पुढे.

सासरे खाली येऊन बघत राहिले. "सूनबाय, गाडी डोंगर चढून पळंल असं वाटलं काय?"

*

शिवथरची घळ बघायला गेलो, तेव्हा मी अर्ध्या वाटेतून तीनदा परत फिरले. हँडब्रेक ओढलाय ना? ओढला होता. गिअर? होता. तिसऱ्या खेपेला बाकीचे दर्शन उरकून गाडीपाशी हजर.

सासूबाई म्हणाल्या, "आम्ही घळ बघितली, हिनं हँडब्रेक बघितला!"

*

मग सवयच लागली. महाडच्या बाजारात चाकामागे दगड ठेवून भाजी घेत होते.

"ताय, पंक्चर हाय काय?" भाजीवाल्या मावशींनी विचारलं.

"नाही हो, उतार आहे ना."

मावशींनी एक टोमॅटो उचलून रस्त्यावर ठेवला. आम्ही दोघी बघत राहिलो. टोमॅटो जागचा हलला नाही.

*

परवाच्या शनिवारी मात्र सगळं जमलं. फर्स्ट गिअर, हँडब्रेक, चाकं वळवलेली, दगड चक्क मागे! चिऊला उतरवलं. तरी तिचा हात घट्ट धरून मी उतारावर उभी. गाडी हलली का? नाही. आता?

"या गो वर!" अंगणातून सासऱ्यांची हाक.

"आई, चल ना."

"थांब, एक मिनिट बघूया."

चिऊनं गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग मोकळ्या हातानं दोन छोटे दगड उचलले, माझ्या दोन्ही टाचांमागे एकेक नीट लावला, आणि हात सोडवून आजोबांकडे पळाली.