मुराळ्याचे टायर

माझ्या मेव्हण्याच्या गाडीत बसायचं म्हणजे आधी ढुंगण आत टाकायचं, मग मान वाकवायची, आणि शेवटी एकेक पाय हाताने उचलून आत घ्यायचा. उतरताना हेच सगळं उलटं, आणि वर कुणीतरी हात धरून ओढायला लागायचं. एवढे पैसे मोजून माणूस विहिरीत उतरल्यासारखं का बसतो, ते मला तेव्हा कळलं नाही. आता सत्तरी उलटली, आता काय कळणार.

हा मेव्हणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. त्यांचं गाव देवळ्याच्या पुढे. रस्त्यात थोडी जमीन गेली, हातात पैसा आला. बाकीच्या लोकांनी विहिरी खोदल्या, घरं बांधली. याने मुंबईच्या कुणा शौकिनाची जुनी रेसची गाडी आणली. लालभडक, दोनच माणसं बसतील अशी, आणि आवाज असा की शेजारच्या गोठ्यातल्या म्हशी दावं तोडायच्या. दोन हजार सालानंतरची गोष्ट. तोवर मी टेंपो चालवणं सोडलं होतं आणि नाशकात सिडकोतल्या घरात बसून होतो. पिंपळगावचा कांदा आणि दिंडोरीची द्राक्षं वाहण्यात माझं आयुष्य गेलं. शाळा सातवीपर्यंत, तीसुद्धा मास्तर कंटाळले म्हणून.

आमच्या भागात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी जातात. लेकीने आपल्या आपण जायचं नसतं. भाऊ न्यायला येतो, त्याला मुराळी म्हणतात. माझ्या बायकोची लग्नापासून तोवर एकही आखाजी चुकली नव्हती. नव्वदच्या सुमाराला हाच मेव्हणा एसटीने यायचा, हातात पिशवी, पिशवीत कैऱ्या. पुढे मोटरसायकलवर यायला लागला. एकदा मोटरसायकल बंद पडली तर द्राक्षाच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून आला, आणि तसाच तिला घेऊन गेला. कशाने आला ते तिने कधी विचारलं नाही. भाऊ आला, एवढं तिला पुरायचं.

लाल गाडी आली आणि बिघडलं. पहिल्यांदा गाडी घेऊन तो आमच्या गल्लीत आला तेव्हा ही दाराबाहेर धावली. गल्लीतल्या सगळ्या बायकांना गोळा करून दाखवली. मी बाहेर येऊन गाडीभोवती फिरलो आणि मागच्या चाकांपाशी थांबलो. चाकं सरळ नव्हतीच. वरून आत झुकलेली, खालून बाहेर फाकलेली. म्हशीचं रेडकू पहिल्यांदा उभं राहताना पाय फाकवतं तशी. मी म्हणालो, हिचा पाठीचा कणा मोडलाय का. तो हसला. म्हणाला, दाजी, स्प्रिंगा कापून घेतल्यात, गाडी जमिनीला टेकल्यासारखी दिसली पाहिजे, फॅशन आहे.

फॅशन होती खरी. सिडकोतल्या प्रत्येक गतिरोधकावर पोट घासायची. तो मग बाजूला बसलेल्याला उतरवायचा आणि गाडी तिरकी करून, मुंगीच्या चालीने पलीकडे न्यायचा. रेसची गाडी. मी माझ्या टेंपोत कांद्याची पन्नास पोती घालून त्याच रस्त्याने न थांबता जायचो.

जी चाकं फाकून चालतात त्यांचे टायर आतून खातात. हे सांगायला पुस्तक लागत नाही, माझी चप्पलसुद्धा एकाच बाजूने झिजते. पण यात एक गंमत असते. बाहेरून बघणाऱ्याला टायर नवा दिसतो. नक्षी ठसठशीत, कडा कोऱ्या. आत वाकून हात फिरवला की तळहाताला तार टोचते. मेव्हण्याचे नवे टायर काही महिन्यांत तसे झाले. त्याने दुकानदाराला शिव्या दिल्या. दुसरे घातले, तेही गेले. मग रस्त्याला शिव्या दिल्या, त्यात थोडं तथ्य होतं. मग कुणीतरी सांगितलं की गाडी घरी दक्षिणेकडे तोंड करून उभी राहते म्हणून असं होतं. याने गोठ्याची भिंत पाडून गाडीचं तोंड पूर्वेला केलं. म्हशी उन्हात बांधल्या. टायर खाल्ले जायचे ते गेलेच.

शेवटी नाशकातल्या द्वारका चौकाजवळ चाकांचं अलाइनमेंट करणाऱ्याकडे गेला. मला सोबत नेलं, कारण दुसऱ्या सीटवर कुणीतरी बसलेलं त्याला आवडायचं. त्या दुकानातला माणूस मोठा रुबाबदार. चाकांना पंख्यासारखी यंत्रं लावली, पडद्यावर तांबडे आकडे आले, ते आकडे त्याने कागदावर छापून दिले आणि आधी कागदाचे पैसे घेतले. मग म्हणाला, स्प्रिंगा मूळच्या घाला, त्याशिवाय मशीन काही करू शकत नाही. मेव्हण्याने विचारलं, गाडी वर जाईल का. तो म्हणाला, चार बोटं जाईल.

"चार बोटं वर गेली तर माझ्या गाडीत अन् रिक्षात फरक काय राहिला?" मेव्हणा म्हणाला.

"रिक्षात तिघं बसतात," मी म्हणालो.

येताना त्याने गाण्याचा आवाज वाढवला.

त्या वर्षी आखाजीला तो आलाच नाही. ही सकाळपासून तयार. नवं लुगडं, पिशवीत भाचीसाठी बांगड्या. दुपारी फोन आला की टायर मुंबईहून यायचेत, त्या मापाचे नाशकात मिळत नाहीत. मी म्हणालो, चल, ठक्कर बाजारच्या स्टँडवरून एसटी धरू, दिवस मावळायच्या आत पोचवतो. तिने मान हलवली. नवऱ्याने पोचवलं तर ते माहेरपण नव्हे, म्हणाली, ती पाहुणी झाली. संध्याकाळपर्यंत पिशवी दारात होती. मग तिने ती उचलून आत ठेवली आणि पिठलं टाकलं. मी मेव्हण्याचा सात पिढ्यांपर्यंत उद्धार केला. माझ्या भावाला बोलायचं नाही, एवढंच ती म्हणाली.

पुढच्या हिवाळ्यात तिच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांनी तिला बाहेर बसवलं आणि मला सांगितलं. तिने मला विचारलं नाही, म्हणजे तिला कळलं होतं. फाल्गुनात हाडं दिसायला लागली. तिने एकच गोष्ट मागितली. यंदा आखाजीला मला जायचंय.

मी मेव्हण्याला फोन केला. सांगितलं, ट्रॅक्टर घेऊन ये, बैलगाडी घेऊन ये, काही नसलं तर चालत ये, पण ये. तर तो म्हणतो, आक्काला मी गाडीतून नेईन असा शब्द दिलाय. आणि हीसुद्धा तसलीच. गल्लीत सांगून बसली होती की यंदा भाऊ लाल गाडीतून नेणार. बहीणभाऊ एकाच मातीचे. टायर मात्र पुन्हा संपलेले, आणि मुंबईवाला पुढच्या महिन्याचा वायदा करून बसलेला.

मी म्हणालो, पलटी मार. टेंपोवाले हेच करतात. टायर रिमवरून काढायचा, उलटा करून घालायचा, खाल्लेली बाजू बाहेर आणि धड बाजू आत. तेवढ्यावर गाडी थोडे दिवस निघते.  तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "मग घासलेली बाजू लोकांना दिसंल ना, दाजी."

म्हणजे तार आतून लोंबली तरी चालेल, गाडी पालथी झाली तरी चालेल, पण चारचौघांत टायर टकला दिसता कामा नये. मी फोन ठेवून दिला. त्या दिवशी मी जे काही बोललो ते भिंतीला बोललो, कारण ही झोपली होती.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी गल्लीत तो घाणेरडा आवाज आला. मेव्हणा आला होता. गाडी धुतलेली, काचेवर झेंडूची माळ, आणि मागचे दोन्ही टायर पलटी. बाहेरच्या बाजूला रबर नावाला नाही, आतलं कापड दिसतंय, कुठे कुठे तार चमकतेय. कोपऱ्यावरची पोरं बोटं दाखवून हसत होती. त्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही. टायरवाल्याने म्हणे आधी नकार दिला होता, कारण टायरवर इंग्रजीत लिहिलेलं असतं की ही बाजू बाहेर. टायरला इंग्रजी येत असेल, मला येत नाही, मी म्हणालो. तरी मनात आलं की आला बाबा एकदाचा.

तिला आत बसवायला आम्ही दोघं लागलो. आत गेल्यावर तिने पदर नीट केला, काच खाली घेतली आणि गल्लीतल्या प्रत्येक दाराकडे बघून हात केला. मला बसायला जागा नव्हती. मी माझी स्कूटर काढली आणि मागे निघालो.

ती मिरवणूक ज्यांनी पाहिली ते अजून हसत असतील. पुढे रेसची गाडी, टायर जपत बैलाच्या चालीने, आणि मागे मी. माझी म्हातारी स्कूटर मला सारखी ब्रेक लावून आवरावी लागत होती. ओझर गेलं, पिंपळगाव गेलं. लेकीबाळींनी भरलेल्या काळ्यापिवळ्या जिपा भर्रकन पुढे जायच्या. सोग्रस फाट्याला वळल्यावर तर कांद्याच्या ट्रॅक्टरने मागे टाकलं. ट्रॅक्टरवाला वाकून म्हणाला, "काय शेठ, टोचन लावून ओढू का?" मेव्हण्याने काच वर घेतली. बाजूची काच मात्र खालीच होती, आणि तिचा हात बाहेर.

माझी नजर सगळा वेळ त्या टकल्या कडेवर. तार फिरायची, चमकायची, फिरायची.

भावडबारीच्या घाटात समोरून ट्रक आला. मेव्हण्याने गाडी डावीकडे घेतली, चाक डांबराच्या खाली उतरलं, आणि वर घेताना कडेच्या दगडाची धार नेमकी बाहेरच्या उघड्या बाजूला लागली. बार काढल्यासारखा आवाज झाला. गाडी मागून बसली, आधीच बसलेली होती ती आणखी बसली. स्टेपनी नव्हती. स्टेपनीच्या जागी त्याने गाण्याचा डबा बसवला होता.

तो उतरला आणि माझ्यावरच आला. म्हणाला, ती बाजू आत असती तर धार लागली नसती. मी म्हणालो, आत असती तर ओझरलाच फुटला असता आणि तू विमानतळाच्या भिंतीत गेला असतास. खरं काय ते आजही मला माहीत नाही. भर उन्हात दोन म्हातारपणाला लागलेली माणसं टायरवरून भांडत होती. ही कधी स्वतःच दार उघडून बाहेर आली आणि कधी कडुनिंबाखाली दगडावर जाऊन बसली, आम्हाला कळलंच नाही.

मी तिच्याजवळ गेलो आणि म्हणालो, स्कूटर आहे, बस मागे, अर्ध्या तासात नेतो. जिपा थांबत नव्हत्या, थांबल्या असत्या तरी मुंगीला जागा नव्हती.

ती म्हणाली, "तुम्ही नाही. चावी भावाकडे द्या."

"अन् मी काय करू?"

"गाडीपाशी बसा. सोडून गेलं तर चाकं चोरतील."

ते चाक चोरणाऱ्याचं मी पाय धुवून स्वागत केलं असतं. पण तिचा चेहरा बघून चावी दिली. मेव्हण्याला माझ्या स्कूटरचे गिअर समजावून सांगावे लागले, याला रेसची गाडी चालवता यायची. ती मागे एका बाजूला पाय टाकून बसली. पडू नये म्हणून त्याने माझ्या खांद्यावरचा पंचा ओढून घेतला, दोघांच्या कमरेभोवती फिरवला आणि पुढे घट्ट गाठ मारली. वळणापर्यंत ती मला दिसली. मागे वळून बघितलं नाही. माहेरी जाणारी कोणती बाई बघते.

मग मी दुपारभर त्या घाटात त्या गाडीची राखण केली. लोक थांबायचे, गाडीला टेकून फोटो काढायचे. एकाने विचारलं, काका, किती पळते. मी म्हणालो, बघताय ना.

बाकीचं मला तिच्याकडून कळलं. दारात भावजयीने भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. आईच्या जागेवर तिला बसवलं. नंतर तिने निंबाच्या झोक्यावर बसायचा हट्ट धरला, तेव्हा भावाने झोका हाताने धरून, न सोडता, नुसता पुढेमागे हलवला. हे सगळं मला ती पुन्हा पुन्हा सांगायची, शेवटी आवाज गेला तेव्हा ओठांनी सांगायची. एकदा मी विचारलं, माझी आठवण झाली का तिथं. म्हणाली, नाही झाली. खोटं बोलायची सवय नव्हती तिला.

पोळ्याच्या आधी ती गेली.

मेव्हण्याने ती गाडी पुढे कुणा कॉलेजच्या पोराला विकली. तो पोरगाही आता टायर शोधत हिंडत असेल. हा स्वतः उंच जीप घेऊन फिरतो, आखाजीला अजून माझ्याकडे येतो, पिशवीत कैऱ्या असतात. न्यायला कुणी नाही तरी येतो. मी त्याला दरवेळी ऐकवतो. म्हणतो, एवढी लाखाची गाडी घेतलीस, पण बहिणीला शेवटचं माहेरी नेलंस ते माझ्या भंगार स्कूटरवर. पूर्वी तो उलट बोलायचा, टायर पलटी मारायचा सल्ला कुणाचा होता म्हणून भांडायचा, आवाज चढवायचा. आता खाली बघतो आणि चहा पितो. मी आणखी चार शब्द वाढवतो, तरी बोलत नाही. ते मला मुळीच आवडत नाही.