मोळीची सावली

बायको गेल्यावर मी बीडला लेकीकडं राहायला आलो. लेक घरातूनच पुण्याच्या एका हापिसाचं काम करती. अजून बांधल्या बी न्हाईत अशा इमारतींची चित्रं करायची, बघणाऱ्याला वाटावं इमारत उभी हाय आणि कुणी फोटो काढलाय. मी चौथी शिकलेला. पण शेजारी बसून बसून थोडं कळाया लागलं.

कॉम्प्युटर इमारत एकदम देत न्हाई. उजेड वेगळा, सावली वेगळी, काचेतलं प्रतिबिंब वेगळं. ते एकावर एक चढवलं की चित्र होतं. आणखी एक येतं, नुसत्या भडक रंगांचं. भिंत लाल, काच हिरवी, झाड निळं. त्याला ती मॅट म्हणती. लाल धरलं की फकस्त भिंत हातात येती, झाडाला धक्का लागत न्हाई. एकदा तिनं आख्ख्या बंगल्याची सावली बोटानं सरकवून फिकी केली. तवाच माझ्या मनात आलं.

वर्षश्राद्ध जवळ आलतं आणि भिंतीवर लावाया बायकोचा फोटो नव्हता. मोबाइल वर केला की ती तोंडावर पदर घ्यायची. आधारकार्डावरचा मोठा केला तर नुसते ठिपके. ऊसतोडीतला एकच सापडला, कुण्या ट्रकवाल्यानं काढलेला. डोक्यावर मोळी, दोन्ही हात वर, म्हणून पदर घेता आला नसावा. पण मोळीची सावली पडलेली, कपाळापासून नाकापर्यंत काळं.

"ही सावली काढ," मी म्हणलं.

"निघत न्हाई ती, आबा."

"कावून? काल बंगल्याची काढलीस की."

"बंगला खोटाय. त्याची सावली मला वेगळी मिळालीय. माय खरी होती, तिचं सगळं एकातच आलंय. सावलीखाली काय होतं ते ह्या फोटोत न्हाईच."

"मग एवढं शिकलीस कशाला?"

मी असाच बोलतो. ती कामाला लागली. दोन दिवस आईच्या कडंकडंनं रेघ मारीत तिला मागच्या उसाच्या पाचटातून सोडवली, केसन् केस. मोळी काढली. उजेड वाढवला, तर डोळ्यांच्या जागी राखाडी डाग. मग तिनं स्वतःच्या डोळ्यांचा फोटो काढून तिथं बसवला. मायलेकींचे डोळे सारखे, असं सगळेच म्हणायचे.

"बघा आता. गिऱ्हाईक बरं तुमच्यापरीस."

बघितलं. बायकोच होती. दोन्ही डोळे लख्ख.

"डोळ्यातलं फूल कुठाय?" मी म्हणलं.

बायकोच्या डाव्या डोळ्याला उसाचं पातं लागलतं. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी एकच कोयता म्हणून मोजत्यात, एक बसला की दुसऱ्याचं बी काम बसतं. मी म्हणलतो, पदर बांध आणि हाण, एवढ्यानं काय मरत न्हाईस. आठ दिवसांनी डॉक्टरकडं नेली, तवर बुबुळावर पांढरं फूल पडलतं. तवापासून तोंडावर पदर.

"घालते की," लेक म्हणली. "सांगा, मधोमध होतं का कडंला?"

"तुला ठावं न्हाई व्हय?"

"मला कवा दाखवलं तिनं? बोलताना मान वळवून बोलायची. तुमी नवरा हाव, तुमी सांगा."

तिनं बुबुळावर पांढरा ठिपका ठेवला. "इथं?"

मी चष्मा काढून पुसला.

"का इथं? खाली? मोठं होतं का बारीक? आबा, बोला की."

चाळीस वर्षं एका ताटात जेवलो होतो. मला सांगता आलं न्हाई.

"सावली ठेव परत," मी म्हणलं.

तिनं मूळचा फोटो परत उघडला. तोच फोटो फ्रेम केला, मोळीसकट.

वर्षश्राद्धाला बायकोची थोरली बहीण आली. तिनं फोटोपुढं हात जोडले. "दाजी, एवढी शिकलेली लेक, आणि माझ्या बहिणीचा डोळा बी दिसू नये?" म्हणली. फूल नेमकं कुठं होतं ते तिला ठाऊक असणार. सुरुवातीला डोळ्यात औषध तीच घालायची.

मी तिला विचारलं न्हाई. विचारलं असतं तर मला ते ठावं न्हाई, हे तिला कळलं असतं.