जिथे स्ट्रेचर वळत नाही

काकू गेल्या, त्यांचं तेरावं झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी घडीची खाट दुमडून भिंतीला लावली. इतकी वर्षं ती काकूंच्या पलंगाच्या पायथ्याशी होती. उचलल्यावर दिसलं की फरशीवर गंजाचे चार डाग पडलेत. घासले, पण निघाले नाहीत. मला उगाच वाटत राहिलं, की या लोकांची फरशी आपण खराब करून चाललो.

भोपाळमध्ये मला सगळे सिस्टर म्हणतात. मी सर्टिफिकेटवाली नर्स नाही. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. पुढे अमरावतीला एका दवाखान्यात आयाचं काम करता करता पेशंटची कूस बदलणं, लघवीची नळी सांभाळणं, बीपी बघणं, सगळं हातात बसलं. मग एका ब्यूरोनं इकडे पाठवलं. ब्यूरो म्हणजे घरी राहून आजारी माणसाचं करणाऱ्या बाया पुरवणारं ऑफिस. आमच्या कामात पेशंट गेला की घरही गेलं. तेराव्यापर्यंत थांबायचं, आल्या-गेल्याचं चहापाणी बघायचं आणि बॅग उचलून पुढच्या पेशंटच्या पायथ्याशी जायचं. हे कोणी सांगत नाही, सगळ्यांना माहीत असतं.

काकूंचं घर माझं किती नंबरचं होतं ते मी मोजत नाही. पण तिथे मला टेबलाशी बसवून जेवायला घालायचे. काकू पडल्या पडल्या माझ्याकडून मराठी पेपर वाचून घ्यायच्या आणि मी अडखळले की डोळे मिटूनच शब्द सांगायच्या. आज हे चार शब्द जुळवते आहे ते त्यांच्यामुळे. तेराव्याला काकांनी त्यांची एक चांगली साडी माझ्या हातात ठेवली. मी अजून ती नेसले नाही.

त्याच सकाळी ब्यूरोवाल्या मॅडमचा फोन आला. "कोटरा में एक दादाजी हैं, पैरालिसिस. घर अच्छा है. शाम तक पहुँच जाओ."

"मैं नहीं जाऊँगी, मॅडम," मी म्हटलं.

"तबीयत खराब है?"

"नहीं. मुझे कमरा लेना है. अपना."

त्या हसल्या, वाईट नाही हसल्या. "अकेली कमरे में करोगी क्या?"

काय सांगणार? मला दाराला आतून कडी लावून झोपायचं होतं. आमच्या कामात कडी लावता येत नाही. दार लोटलेलं, कान उघडा, आणि त्या माणसाचा श्वास जरा बदलला की आपण उठून उभं. तारुण्य सगळं तसंच गेलं. आता नको, एवढंच मला कळत होतं.

काकांना सांगितलं. काका पुण्याचे, इथल्या मोठ्या कारखान्यात नोकरीला आले, बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये उमेदीची वर्षं काढली आणि रिटायर झाल्यावर अयोध्या नगरात हे घर बांधलं. मुलगा पुण्यात. काका म्हणाले, "चांगला विचार आहे." दोन दिवसांत त्यांनी ओळखीच्या एका डॉक्टरांच्या नर्सिंग होममध्ये माझी दिवसाची ड्यूटीही लावून दिली. म्हणाले, "खोली मिळेपर्यंत राहा इथेच. तुझं सामान काही हत्तीएवढं नाही."

पण शेजारच्या भाभी फाटकाशी उभ्या राहून रोज विचारायच्या, "सिस्टर, अभी तक यहीं हो?" एकटे काका, एकटी मी. त्यांना काय म्हणायचंय ते मला कळायचं. काकांच्या कानावर जाऊ नये म्हणून मी पाण्याच्या मोटारीचं बटण दाबायची.

खोल्या बघायला काका मला स्कूटरवर घेऊन जायचे. पहिली कोटरा सुल्तानाबादला. घरमालकांनी चहा दिला, काकांशी कारखान्याच्या गप्पा मारल्या. "बेटी है आपकी?"

"बेटी जैसी है," काका म्हणाले.

खोलीची किल्ली मालकांच्या हातात होती. मग त्यांनी मला आडनाव विचारलं. सांगितलं. त्यांनी किल्ली खिशात टाकली. "वो क्या है भाईसाहब, कमरा तो भतीजे के लिए रखा है. अभी याद आया."

बाहेर आल्यावर काकांनी बराच वेळ स्कूटर सुरूच केली नाही. "इतकी वर्षं या गावात आहे मी. मला हे कधी कुणी विचारलं नाही."

"तुम्हाला कशाला विचारतील, काका?"

बोलून गेले आणि जीभ चावली. आपल्यासाठी उन्हातान्हात फिरणाऱ्या माणसाला असं बोलायचं का? काका एवढंच म्हणाले, "बस मागे."

जाताना स्कूटर मध्येच हिसका देत होती. मी पुढे वाकून बघितलं. गाडी ठीक होती. काकांचा उजवा हात मुठीवरून निसटत होता.

मग बरखेड्याजवळ एक खोली बघितली, घरामागची. मालकीण तयार होती. मी म्हटलं, उंबरठा उंच आहे. दुसरीकडे म्हटलं, न्हाणीत चाकाची खुर्ची वळायची नाही. अयोध्या नगरात, काकांच्या घरापासून चालत जाण्यासारखी, दुसऱ्या मजल्यावर एक खोली होती. वारा भरपूर, खिडकीतून कारखान्याकडची झाडं दिसायची आणि दाराला नवी, जाड कडी. मी कडी दोनदा लावून बघितली. पण जिना अरुंद, मध्ये काटकोनात वळलेला. उतरताना मी काकांना म्हटलं, "नको. स्ट्रेचर वळणार नाही इथे."

काका खालच्या पायरीवर थांबले. "कुणाचं स्ट्रेचर?"

मी भिंतीपासून कठड्यापर्यंत वीत लावून बघत होते.

"अगं बाई, तू धडधाकट आहेस. कुणाला निजवणार आहेस तिथे?"

मला हसू आलं आणि मग हसू जाईना, आणि मग जिन्यातच रडायला आलं. खोल्या मी माझ्यासाठी बघतच नव्हते. पलंग कुठे येईल, नळ किती लांब, पेशंटला बाहेर कसं काढायचं, हेच बघत होते. माझ्यासाठी काय बघायचं ते मला ठाऊकच नव्हतं.

तरीही नंतर मी पसंत केली ती तळमजल्याची. रुंद दार, उंबरठा नाही, मालकीणबाई गोड. मला इतकं बरं वाटलं त्या खोलीत की मी हो म्हणणार होते. न्हाणीत डोकावले तर कमोडशेजारी भिंतीला धरायचा स्टीलचा दांडा. आणि खोलीच्या मधोमध फरशीवर गंजाचे चार डाग.

"पहले सासूजी का कमरा था," मालकीणबाई म्हणाल्या. "अच्छा है आप सिस्टर हो. कभी ज़रूरत पड़ी तो..."

"सोचके बताती हूँ," मी म्हटलं आणि चप्पल हातात घेऊनच बाहेर रस्त्यावर आले.

काकांचं मला तोवर कळून चुकलं होतं. उजवी चप्पल पुढून घासलेली. शर्टाचं वरचं बटण आता ते लावत नव्हते. चहा पिताना ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून थेंब. लकव्याची ही सुरुवात मी इतक्या घरांत बघितलीय. मी म्हटलं, "काका, डॉक्टरांकडे चला." ते म्हणाले, "वय झालं, दुसरं काय. तू खोलीचं बघ." दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा आले. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि एकटं राहू नका म्हणाले. स्कूटरची किल्ली मी तांदळाच्या डब्यात लपवली.

संध्याकाळी पुण्याला मुलाला फोन केला. भला माणूस. मला ताई म्हणतो. "बाबांना म्हटलं इकडे या, तर ऐकत नाहीत. ताई, तुम्ही आहात म्हणून मला झोप लागते. तुम्ही थांबा ना तिथेच. खोलीबिली कशाला शोधताय?"

"बघते," मी म्हटलं.

बघायचं काय होतं? ज्या घरानं मला माणसासारखं वागवलं, त्याला आता माझी गरज होती. नाही म्हणायला तोंड कुठून आणायचं? मी रडले नाही की काही नाही. घडीची खाट उचलली, काकांच्या खोलीत नेली आणि त्यांच्या पलंगाच्या पायथ्याशी उलगडली. हातांना सवय होती.

काका स्वयंपाकघरातून आले. फोनवरचं त्यांनी ऐकलं असणार.

"ही इथे कुणी आणली?"

"रात्री काही लागलं तर—"

"उचल."

"काका, डॉक्टर म्हणाले ना—"

"डॉक्टरला माझी बायको माहीत नव्हती. शेवटी शेवटी ती मला रोज म्हणायची, माझ्यापाठी या पोरीला अडकवू नका." ते पलंगावर बसले नाहीत, उभेच राहिले. "मुलाला मी सांगेन. तू चप्पल घाल."

आम्ही रिक्षानं गेलो. त्या दुसऱ्या मजल्याच्या घराशी काका उतरले आणि जिना चढायला लागले. डाव्या हातानं भिंत धरून. उजवं पाऊल दर पायरीला आपटत होतं. मी मागे, पडलेच तर धरायला दोन्ही हात पुढे करून. वळणावर त्यांनी दम खाल्ला, वर बघितलं, खाली बघितलं.

"तुझं बरोबर आहे. नाही वळणार स्ट्रेचर."

"तेच म्हणते मी."

"मग हीच घे. इथे मला कोणी चढवून आणणार नाही."

वर मालकीणबाईंनी माझं आडनाव विचारलंच. मी सांगितलं आणि खाली बघत राहिले. त्या म्हणाल्या, "पानी सुबह ही आता है. भर के रखना पड़ेगा." काकांनी डावा हात पुढे केला. "बहनजी, चाबी इसको दे दीजिए."

मी राहायला गेले. मुलानं काकांसाठी ब्यूरोची बाई ठरवायची म्हटलं, तर काका हो-हो म्हणत दिवस ढकलत राहिले. मी ड्यूटीवरून येताना रोज त्यांच्याकडे डोकावायची, गोळ्या घेतल्या का बघायची. मग ते मला घालवून द्यायचे. "जा आता. कडी लाव."

दिवाळीच्या थोडं आधी त्यांना मोठा झटका आला. रात्रीच कधीतरी. स्वयंपाकघरात पडले. सकाळी भांडेवाली आली तेव्हा कळलं. तोवर ते फरशीवरच होते. मी चालत जाण्याच्या अंतरावर, दुसऱ्या मजल्यावर, कडी लावून झोपले होते. मला तेव्हा चांगली झोप लागायला लागली होती.

शेजारच्या भाभी दवाखान्यात मला म्हणाल्या, "सिस्टर, आप होतीं तो..." मुलगा पुण्याहून आला. म्हणाला, "ताई, तुमचा काही दोष नाही." त्याचा आवाज अगदी शांत होता. तेव्हापासून तो मला फोन करत नाही, आणि करावा असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

काकांची वाचा गेली. उजवी बाजू पूर्ण गेली. पुण्याला न्यायचं बोलणं चालू असतं. सध्या ब्यूरोची एक मुलगी त्यांच्याकडे राहते, बैतूलकडची, माझ्या निम्म्या वयाची. माझ्याच खाटेवर झोपते. कूस कशी बदलायची, पाठीला पावडर किती लावायची, हे मी तिला दाखवून दिलं. दार लोटून ठेवायचं ते सांगावं लागलं नाही.

रविवारी मी काकांची दाढी करायला जाते. साबण लावला की ते डोळे माझ्यावर रोखतात आणि डाव्या हाताची दोन बोटं चादरीवर चालवायला लागतात. बोटं पायऱ्या चढल्यासारखी वर वर जातात, मध्येच थांबतात, काटकोनात वळतात आणि परत चढतात.

पहिल्यांदा ती मुलगी घाबरली. "दीदी, ये क्या माँग रहे हैं? पानी?"

"नहीं," मी म्हटलं. "माँग नहीं रहे. पूछ रहे हैं."

मी मान हलवते. हो काका, तिथेच आहे. मग ते डोळे मिटून गाल पुढे करतात.

ड्यूटीवर, बसमध्ये, पाणी भरताना मी मनात एकच घोळवत राहते. कडी नसती तर. खाट उचलली नसती तर. काका जिन्यात थांबले नसते तर. घरी येते, वळणावर पिशवी भिंतीला घासते, वर चढते, दार लावते. कडी लावते, मग काढते, थोडा वेळ बघत उभी राहते, आणि परत लावते.