आईची खुर्ची ढकलणारी बाई

धाकटा भाऊ कॅनडात असतो. त्याला मुलगी झाली, तेव्हा आईला घेऊन मी निघाले. नंदुरबारहून सुरत, तिथून रेल्वेने दिल्ली. आईचे गुडघे गेलेले, म्हणून विमानतळावर चाकाच्या खुर्चीची सोय आधीच सांगून ठेवली होती. पंचेचाळिशीची एक बाई खुर्ची घेऊन आली. निळा गणवेश, तोंडावर मास्क. तिने हिंदीत आईला पाय वर ठेवायला सांगितलं आणि खुर्ची ढकलू लागली. मी सामान घेऊन बाजूने चालत होते.

तपासणी झाली. पुढे काचा, झगमगती दुकानं, पायाखाली लांबच लांब गालिचा. आई बावरून गेली होती. ती स्वतःशीच पुटपुटली, "मन्ही थैली कोठे शे?"

मागून आमच्याच अहिराणीत आवाज आला, "तुन्हा मांडीवरच शे, मामी."

मी जागीच थांबले. खुर्ची मात्र चालत राहिली, मी घाईने तिला गाठलं. आई वळून बघायचा प्रयत्न करत होती, पण खुर्चीत बसलेल्याला मागचा माणूस दिसत नाही. त्या बाईने चालता चालता मास्क खाली केला तो माझ्यासाठी. ती माझी आतेबहीण होती. वीस वर्षांपूर्वी तापीच्या पुलाखाली तिच्या चपला सापडल्या होत्या. चार दिवस पाण्यात शोध घेतला होता. प्रेत मिळालं नाही, तरी आत्याने रनाळ्याला तिचं दहावं केलं होतं. त्या जेवणात मी वाढत होते.

माझ्या तोंडून एवढंच निघालं, की चपला कोणी ठेवल्या. ती म्हणाली, तिनेच. अनवाणीच एका ट्रकने नवापूरपर्यंत आली, तिथून रेल्वे मिळाली. कोणी शोधू नये, म्हणून तसं केलं.

आई समोर बघतच म्हणाली, "आम्हले सांगती तं."

"सांगेल व्हतं मी, मामी. दोन येळ सांगेल व्हतं."

आईने मान खाली घातली. मलाही आठवलं. तिला म्हसावदला दिलं होतं. नवरा मारायचा. एकदा ती आत्याकडे पळून आली, आत्याने परत पाठवली. दुसऱ्यांदा ती आमच्या घरी नंदुरबारला आली. तिच्या पाठीवरचे वळ मी पाहिले होते. आईने तिला दोन दिवस ठेवलं, समजूत काढली, ओटी भरली आणि स्टँडवर नेऊन शहाद्याच्या बसमध्ये बसवलं. बसमध्ये चढताना तिची पिशवी मी धरली होती. त्यानंतर महिन्याभरात चपला सापडल्या. आणि आम्ही सगळे छाती पिटून रडलो होतो.

गेट येईपर्यंत ती शांतपणे ढकलत राहिली. तिचं काय झालं, कुठे राहते, कोण आहे सोबत, हे मी विचारत होते. तिने तुटक उत्तरं दिली. एकटीच आहे, खोली आहे, बरं चाललंय. तिने एकच विचारलं, माय शे का? आहे, मी म्हटलं. मग तिच्या कमरेचा वॉकीटॉकी बोलू लागला, दुसरीकडे खुर्ची हवी होती. आईने तिचा हात धरला. तिने हात हळूच सोडवून घेतला. तिने स्वतःचा नंबर दिला नाही. माझा नंबर मी तिकिटाच्या पाकिटाच्या तुकड्यावर लिहून तिच्या खिशात घातला.

विमानात आईने पाणीसुद्धा घेतलं नाही. उतरायच्या आधी एवढंच म्हणाली, की त्या दिवशी तिला बसचं तिकीट आपणच काढून दिलं होतं.

आईला भावाकडे ठेवून पंधरा दिवसांनी मी एकटी परतले. आत्याला सांगायचं की नाही, हे ठरत नव्हतं. सांगितलं, आणि पुन्हा तिचा पत्ता लागलाच नाही, तर काय? तीन महिने गप्प राहिले. मग एक दिवस, मी शिकवते त्या शाळेत असताना, अनोळखी नंबरावरून फोन आला. तीच होती. मधल्या सुट्टीनंतरचे तास दुसऱ्या बाईंवर सोपवून मी रनाळ्याला गेले. आत्या अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. तिला सगळं सांगितलं आणि फोन लावून दिला.

आत्याने फोन कानाला लावला. मग म्हणाली, "दहावं करेल व्हतं मी तुन्हं."

पलीकडून काय उत्तर आलं, मला ऐकू आलं नाही. आत्याने फोन माझ्या हातात दिला आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली. फोडलेले दाणे ती टरफलांतच टाकत होती.

आता दर रविवारी त्या दोघी बोलतात. ती अजून आलेली नाही. आई अजून तिच्याशी बोललेली नाही, आणि तिने कधी आईला फोनवर बोलावलंही नाही.