पाचट आण्णाचं हाय

आण्णांनी आमच्या शिवारात म्हशीला हाक मारली की तिकडं कबनूरचे यंत्रमाग बंद पडायचे. खोटं वाटत असेल तर कबनूरला जाऊन विचारा. पण हा आवाज खरा फुटायचा तो उसाच्या फडात कुणी काडेपेटी काढली की. "ए, खिशात घाल ती! माती हाय, चूल न्हवं!"

ऊस तुटून गेला की मागं वाळला पाला उरतो, ते पाचट. त्याला काडी लावून मोकळं व्हायचं ही आमच्याकडची रीत. आण्णा एकटे ते सरीत दाबून कुजू द्यायचे, म्हणून ते पाचटआण्णा. पुढं त्यांच्या रानात गांडुळं इतकी माजली, की ग्रामपंचायतीत त्यांना वेगळा वॉर्ड द्यायचं घाटत होतं.

सरकारवर त्यांचा राग नव्हता. म्हणायचे, "आदी सायेब युरिया टाका म्हणून यायचा, आता टाकू नगा म्हणून येतोय. माझा च्या मात्र दोन्ही येळंला पितोय." कारखान्याच्या निवडणुकीत एका उमेदवारानं सेंद्रिय शेतीवर असं भाषण ठोकलं, की माईकला घाम फुटला. आण्णा पुढच्या रांगेतून उठले. "पावणं, भाषण ब्येस झालं. पर सभेला हे रान मोकळं केलंसा, ते पाचट पेटवूनच न्हवं?" उमेदवारानं खाली बघितलं. त्याचे पांढरे बूट काळे झाले होते.

शेजारचं रान धाकट्या भावाचं, बापूंचं. बापू दरसाल पेटवायचे आणि आण्णा बांधावर पाण्याच्या घागरी घेऊन उभे राहायचे. एका दुपारी वारं फिरलं. जाळ बांध ओलांडून आला आणि आण्णांनी किती वर्षं सांभाळलेलं रान घटकेत काळं झालं. त्या दिवशी कबनूरचे माग चालूच राहिले. मला जाळापेक्षा त्याचीच भीती वाटली.

तालमीच्या कट्ट्यावर माणसं जमली. कुणी म्हणालं पोलिसात जा, कुणी म्हणालं भावाचं तोंड बघू नका. बापू मान खाली घालून म्हणाले, "चुकलं आण्णा. काय भरून द्यायचं ते सांगा."

"पैसं नगंत. माझं पाचट जळालं, मला पाचटच दे."

पुढच्या तोडीनंतर बापू आपल्या रानातलं पाचट भारे बांधून आण्णांच्या रानात वाहू लागले. अंगाला पाल्याची बारीक कूस लागून असे खाजवत होते, की लांबून बघणाऱ्याला वाटावं लेझीम चाललीय. शेवटी बांधावर बसकण मारली. "आण्णा, मरतोय की ह्यात!"

"मग ऱ्हाऊ दे तितंच, तुज्या रानात. पर माल माझा हाय, काडी लावायची न्हाय. का दुसऱ्याचा माल पेटवशील?" एवढं बोलून आण्णांनी माझ्याकडं बघून हळूच मिशीतलं हसू दाबलं.

पुढच्या साली बापूंनी विचारलं, "फिटलं न्हवं?" "कशाचं? अर्दं बी न्हाय." दरसाल हेच. बापूंच्या रानात माती भुसभुशीत होऊन पाय रुतू लागला, उन्हाळ्यात पाण्याची पाळी लांबली तरी ऊस हिरवा राहू लागला. बापू म्हणायचे, "बेणं चांगलं लागलं." आण्णा म्हणायचे, "व्हय, व्हय, बेणंच."

गेल्या वर्षी आण्णा गेले. त्यांनी सांगून ठेवलं होतं, "जाळायचंच तर मला एकट्याला जाळा. राख नदीत टाकू नगा." बापूंनी निम्मी राख त्यांच्या रानात पसरली आणि निम्मी आपल्या. "पाचट त्येंचं हाय," म्हणाले, "तर राखण बी त्येंनीच करावी."

यंदा तोड झाल्यावर बापूंच्या खोडव्यात, म्हणजे तोडीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसात, एक परगावचा ट्रॅक्टरवाला आला. चार पावलं आत गेला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "बापू, काडी लावा की ह्याला. अवजार अडकतंय."

"माझं न्हवं ते. आण्णाचं हाय. त्यास्नी इचार."

"कुटं हायत आण्णा?"

बापूंनी त्याच्या पायांकडं बोट दाखवलं. "त्येंच्यावरच हुबा हायस. पाय काढ."