ड्रमवरचा पांढरा रंग

"तुम्ही म्हणे तरुणपणी ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचात," असं कुणी विचारलं की मी "हो, वाजवायचो" म्हणतो आणि चहाचं बघायला आत जातो. लोकांना वाटतं, माणूस लाजाळू आहे. लाजाळू कसला डोंबलाचा. लाज वेगळी आणि लाजाळूपणा वेगळा.

आमचे आबा मूळचे खेडच्या बाजूचे. गावात हलगी वाजवायचं काम आमच्या घराकडे होतं. लग्न असो, मयत असो, बोलावणं आलं की निघायचं, मोठ्यांच्या दारात लांब उभं राहून वाजवायचं आणि पदरात पडेल ते घेऊन यायचं. धम्मदीक्षा घेतली तेव्हा आबांनी हलगी भीमेत सोडली. "ह्यापुढं चामड्याचं वाद्य हातात धरनार न्हाई आन् घरातबी ठिवनार न्हाई," असं चारचौघांत बोलले. त्यावरून गावाशी वाकडं आलं, मग बिऱ्हाड उचलून पिंपरीला आले आणि एका कंपनीत भट्टीवर लागले. घरात त्यांचा दुसरा कुठलाच हट्ट नव्हता. भाजीत मीठ नसलं तरी मुकाट्यानं जेवायचे.

आणि अशा माणसाच्या पोटी मी. आयटीआय करून टर्नर झालो, हातात पगार आला आणि ड्रमचं खूळ डोक्यात शिरलं. खडकीला गोव्याकडचे एक म्हातारे वादक राहायचे. साहेब लोकांच्या क्लबात वाजवून त्यांचा जन्म गेला होता. त्यांचा विलायती ड्रमसेट मी विकत घेतला. अंगावर शिंपल्यासारखी चमक आणि तोंडाला वासराचं कातडं. "कातड्याला जप, असा आवाज आता मिळत नाही," असं त्यांनी बजावून सांगितलं.

मी काय जपलं, ऐका. सेट परस्पर कंपनीतल्या मित्राकडे नेला आणि स्प्रेगननं सगळ्या कातड्यांवर पांढरा रंग मारला. नव्या ड्रमला पांढरं प्लास्टिक असतं, तसं दिसावं म्हणून. रंग वाळल्यावर सेट घरी आणला आणि आबांना तोंड वर करून सांगितलं, "आबा, हे प्लास्टिक आहे. विलायतेत मशिनवर बनतं."

आबा बराच वेळ लांबूनच बघत राहिले. मग म्हणाले, "पलास्टिक आसंल तर काय हरकत न्हाई."

मला वाटलं, जिंकलो. पण आबांनी ती गोष्ट डोक्यावर घेतली. मी कुठं कार्यक्रमाला निघालो की सगळ्या चाळीला सांगत सुटायचे, "आमचं पोरगं इंग्रजी बाजा वाजवतंय. पलास्टिकचा. चामड्याचं काम न्हाई त्यात." जयंतीला मी स्टेजवर वाजवायचो आणि आबा पहिल्या रांगेत इस्त्रीचा सदरा घालून बसायचे. त्यांच्याकडे बघायचं मी टाळायचो. पण वाजवायचं काही थांबवलं नाही, हेही खरंच.

पुढं ऑर्केस्ट्रा मोडला, माझं लग्न झालं, सेट गोधड्यांखाली गेला. मग कित्येक वर्षांपूर्वी नोंदवलेल्या स्कूटरचा नंबर लागला. पैसे ताबडतोब भरायचे होते, नाहीतर नंबर जाणार. घरात कुणी आजारी नव्हतं, कुणी उपाशी नव्हतं. मला स्कूटर पाहिजे होती, बस्स.

पुण्याच्या कॅम्पातला एक दलाल सेट बघायला आला. मुंबईच्या वादकांना तो जुनी वाद्यं मिळवून द्यायचा. त्यानं सगळं उलटंपालटं करून पाहिलं, नट फिरवले, झांजा वाजवल्या. मग कातड्याशी येऊन अडला.

"भाऊ, हे कातडं आहे की प्लास्टिक? रंगामुळे काही कळत नाही. अस्सल कातडं असेल तर बाराशे देतो. नंतर बसवलेलं प्लास्टिक असेल तर सातशेच्या वर एक रुपया नाही."

मी तोंड उघडायच्या आत खाटेवरून आबा म्हणाले, "पलास्टिक हाय, सायेब. चामडं आमच्या घरात येत न्हाई." आणि अभिमानानं माझ्याकडे बघितलं.

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. सातशे घेतले असते, उरलेले कुठूनही उभे केले असते. पण स्कूटर डोळ्यांपुढून हलेना, आणि खरं सांगू का, आबांचाच राग आला. विचारलंय कुणाला, बोलतंय कोण! मी कोनाड्यातलं दाढीचं पातं घेतलं आणि मोठ्या ड्रमच्या कडेला रंग खरवडायला लागलो. पांढरे पापुद्रे खाली पडायला लागले. आतून पिवळट, शिरा दिसणारं कातडं वर आलं. दारात शेजारचे दोघंतिघं उभे होते. बायको चहा घेऊन आली ती उंबऱ्यातच थांबली.

दलाल वाकला, कातड्यावरून बोट फिरवलं आणि भडकला. "कातडं खरं आहे हो, पण रंग कुण्या शहाण्यानं मारला? आवाज मारून टाकलात की. आता माझं गिऱ्हाईक हे घेईल का?"

तो शहाणा मीच, हे सांगायची गरज उरली नव्हती. घासाघीस करायचं त्राणही उरलं नव्हतं. आठशेवर सौदा ठरला. त्यानं नोटा माझ्या हातावर ठेवल्या, सेट टेम्पोत चढवला आणि गेला. दारातले लोकही हळूहळू पांगले. जमिनीवर पांढरा भुगा पडला होता, तो बायकोनं झाडून घेतला.

आबा खाटेवर तसेच बसून होते. मला वाटलं, आता शिव्या देतील. द्याव्यात असंही वाटत होतं. पण ते रागावलेलेच नव्हते.

"मला पैल्याच दिशी आवाजावरनं वाटलं हुतं," ते म्हणाले. "पर म्हनलं, पोरगं शिकल्यालं हाय, ते आपल्याशी खोटं कशाला बोलंल. माजाच कान चुकत आसंल."

मी पातं कोनाड्यात परत ठेवलं.

"आन् सगळ्या चाळीला मीच सांगत फिरलो, पलास्टिक हाय म्हून," ते म्हणाले. "म्हंजी आता मीबी खोटाच की रं."

नोटा अजून माझ्या हातात होत्या, आणि आबांच्या समोर त्या खिशात घालायचा मला धीर होत नव्हता.